धुलाईच्या वेळेचा हिशेब लेबलवर हवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

घरात नवे वॉशिंग मशीन आले की महिन्याभरात एक तक्रार हमखास ऐकू येते. जुने मशीन पाऊण तासात कपडे धुऊन मोकळे व्हायचे आणि हे दुप्पट किमतीचे नवे मशीन मात्र तीन-तीन तास घरघरत बसते. वाचकांच्या पत्रांतही ही तक्रार अधूनमधून दिसते आणि बहुतेक वेळा तिचा शेवट ‘कंपन्या ग्राहकाला फसवतात’ या निष्कर्षावर होतो. घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षे गेली. त्या अनुभवावरून सांगतो की, मशीन घेते तो वेळ बहुतांशी कारणी लागतो. परंतु तो किती असेल, हे पैसे मोजण्यापूर्वी ग्राहकाला कोणी सांगत नाही आणि भांडायचेच असेल, तर त्यासाठी भांडायला हवे.

दुकानात या प्रश्नाला एक ठरीव उत्तर मिळते: ‘साहेब, यात हीटर आहे, पाणी तापायला वेळ लागतो.’ हे उत्तर हिशेबाला टिकत नाही. सहा-सात किलो कपड्यांच्या धुण्यासाठी फ्रंट लोड मशीनने पंधरा लिटर पाणी घेतले आणि त्यातील हीटर साधारण दोन किलोवॅटचा आहे, असे धरू. हे पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत नेण्यासाठी सुमारे ०.६ युनिट वीज लागते आणि तेवढी वीज तो हीटर अठरा-एकोणीस मिनिटांत पाण्यात ओततो. सोबतचे कपडे आणि पोलादी ड्रम तापवायला लागणारी उष्णता धरली, तरी हे काम पंचवीस मिनिटांच्या आत उरकते. उरलेले दोन-अडीच तास कुठे जातात, याचे उत्तर पाणी तापवण्यात नसून ते कमी तापवण्यात आहे. तेच पाणी ६० ऐवजी ४० अंशांवर थांबवले, तर खर्च पाव युनिटाच्या आसपास येतो, म्हणजे निम्म्याहूनही खाली. मात्र कमी तापलेल्या पाण्याकडून तितकीच स्वच्छता हवी असेल, तर त्याची भरपाई दुसऱ्या कशातून तरी करावी लागते.

हेंकेल या जर्मन कंपनीतील रसायनतज्ज्ञ हर्बर्ट झिनर यांनी १९५९मध्ये धुलाईचे हे गणित चार घटकांत मांडले: रसायन, घर्षण, तापमान आणि वेळ. यांपैकी एक घटक कमी केला की उरलेल्या तिघांपैकी कोणाला तरी ती तूट भरून काढावी लागते, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडच्या धोब्यांना हे कोणी शिकवावे लागले नव्हते. भट्टीवर सोड्याच्या पाण्यात कपडे उकळायचे आणि मग दगडावर आपटायचे, म्हणजे उष्णता, रसायन आणि घर्षण या तिन्हींचा भरपूर वापर करून वेळ वाचवायचा, ही त्यांची रीत होती. मुंबईत महालक्ष्मीच्या धोबीघाटावर दिवसाकाठी कपड्यांचे ढीग निघत ते त्यामुळेच. घरी मात्र भट्टीही नव्हती आणि धोब्याचे मनगटही नव्हते, म्हणून मळके कपडे आदल्या रात्रीच साबणाच्या पाण्यात भिजत घातले जात. त्या रात्रभराच्या भिजवण्याला कोणी ‘वेळखाऊ’ म्हटल्याचे मला आठवत नाही. आजचे मशीन नेमके तेच भिजवणे पोटात घेऊन बसते आणि त्याची मिनिटे पडद्यावर मोजून दाखवते, म्हणून ती डोळ्यांत भरतात.

या बदलामागे साबणाचाही हात आहे. आजच्या चांगल्या पावडरींत आणि लिक्विडमध्ये एन्झाइम, म्हणजे विकरे असतात. प्रोटीएज हे दूध, रक्त, घाम यांतील प्रथिनांवर काम करते, अमायलेज पिठूळ डागांवर आणि लायपेज तेला-तुपावर. ही विकरे कोमट पाण्यात उत्तम चालतात आणि पाणी फार कढत झाले की निकामी होतात. शिवाय त्यांचे काम डाग हळूहळू तोडत नेण्याचे असल्यामुळे त्यांना घाई चालत नाही. सौर बंबाचे कढत पाणी थेट मशीनला जोडून द्या, म्हणजे हीटरची वीजही वाचेल आणि वेळही, अशी मागणी पुण्या-नाशकाकडची मंडळी अनेकदा करत असत. कल्पना वरवर बिनतोड वाटते. पण दुधाचा, अंड्याचा किंवा रक्ताचा डाग सुरुवातीलाच कढत पाण्यात सापडला, तर त्यातील प्रथिन साकळते आणि कापडाला घट्ट धरते. गार पाण्याने सुरुवात करून ते सावकाश तापवत न्यावे, यामागे हा विचार आहे आणि बहुतेक फ्रंट लोड मशीनना पाण्याची एकच, गार पाण्याची जोडणी असते, तीही त्याला धरूनच.

मशिनांना तीन तासांच्या पुढे नेले ते मुख्यतः युरोपातील ऊर्जा-लेबलांनी. युरोपीय संघात वॉशिंग मशीनवर विजेच्या वापराची प्रतवारी छापण्याची पद्धत १९९०च्या दशकात आली. प्रतवारी ठरते ती एका नेमून दिलेल्या प्रोग्रॅमवर. साहजिकच कंपन्यांनी तो प्रोग्रॅम जितका थंड आणि जितका लांब करता येईल तितका केला, कारण वीज खाणारा खरा धनी हीटर आहे आणि ड्रम सावकाश फिरवणाऱ्या मोटारीला त्या मानाने फारच थोडी वीज लागते. ही स्पर्धा इतकी ताणली गेली की, १ मार्च २०२१पासून लागू झालेल्या नव्या नियमांत वेळेला कमाल मर्यादाच घालावी लागली. ‘इको ४०-६०’ या प्रमाण प्रोग्रॅमला पूर्ण भारासाठी १३७ मिनिटे अधिक क्षमतेच्या दर किलोमागे १०.२ मिनिटे, आणि काही झाले तरी २४० मिनिटांपेक्षा जास्त नाही, असे ते सूत्र आहे. आठ किलोच्या मशीनला हे सूत्र लावले, तर तीन तास अडतीस मिनिटे येतात. आणि युरोपातील कोणत्याही दुकानात आठ किलोची मशिने पाहत फिरलात, तर त्यांतल्या अनेकांच्या लेबलवर नेमका हाच आकडा छापलेला दिसेल. कंपन्यांनी मर्यादेच्या शेवटच्या मिनिटापर्यंत जागा वापरली आहे. अर्थात त्या बदल्यात जे मिळते, तेही थोडेथोडके नाही. सर्वांत वरच्या, ‘ए’ वर्गातील आठ किलोच्या मशीनला शंभर धुण्यांना पन्नास युनिटांहूनही कमी वीज लागते, म्हणजे एका धुण्याला सरासरी अर्ध्या युनिटाच्या आत. आपल्या बाजारातील अनेक फ्रंट लोड मशिने जागतिक कंपन्यांच्या याच आराखड्यांवर बेतलेली असल्यामुळे तिथल्या नियमांची सवय आपल्या घरातही येऊन बसली आहे.

वेळेचा दुसरा मोठा वाटा पाणी खातो, किंवा खरे तर पाण्याची बचत खाते. साबण काढण्यासाठी कपडे ‘तीन पाण्यांतून’ काढायचे, हा आपल्याकडचा रिवाज किती शास्त्रशुद्ध आहे, ते एका साध्या हिशेबात कळते. पिळून झाल्यावरही कपड्यांत सहा लिटर साबणाचे पाणी उरले आहे, असे समजा. त्यात एकदम ५४ लिटर स्वच्छ पाणी घालून खळबळले, तर साबणाची तीव्रता एक दशांशावर येते. तेच ५४ लिटर पाणी अठरा-अठरा लिटर करून तीन वेळा घातले आणि दर वेळी कपडे पिळून पुन्हा सहा लिटरवर आणले, तर साबण दर खेपेला एक चतुर्थांश होत जातो आणि तिसऱ्या पाण्यानंतर उरतो तो चौसष्टावा भाग. पाणी तेवढेच, पण कपडे सहा पटींहून अधिक स्वच्छ निघतात. मात्र या तीन खेपांत प्रत्येक वेळी पाणी भरायचे, खळबळायचे, सोडायचे आणि मधे एकदा पिळायचे, म्हणजे दर खेपेला दहा-पंधरा मिनिटे आलीच. उन्हाळ्यात ज्या गावांना आठवड्यातून एकदा-दोनदा नळाचे पाणी मिळते, तिथे तरी हा सौदा कोणाला महाग वाटू नये.

एवढे सांगूनही एक तक्रार उरतेच, आणि दुरुस्तीसाठी येणाऱ्या फोनांत ती सर्वांत जास्त असे: ‘मशीन एका मिनिटावर अडकलंय.’ पडद्यावर एक मिनिट उरल्याचे दिसते आणि ते एक मिनिट पंधरा मिनिटे सरत नाही. अशा वेळी काचेतून आत पाहावे. बहुधा एक डबल बेडची चादर दिसते आणि तिच्या पोटात दोन जीन्स, टॉवेल आणि बाकीचे सगळे कपडे गाठोड्यासारखे गुंडाळलेले असतात. हे ओले गाठोडे ड्रमच्या एकाच बाजूला बसते. मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांचा वेग या अवस्थेत घेतला, तर मशीन जागचे हलेल, म्हणून कंट्रोलर वेग वाढवू पाहतो, तोल गेल्याचे लक्षात येताच थांबतो, ड्रम उलटसुलट हळू फिरवून कपडे मोकळे करू पाहतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. काही मशिने त्यासाठी थोडे पाणीही पुन्हा आत घेतात. पडद्यावरचा आकडा हा मुळातच अंदाज असतो, आणि सुरुवातीला ड्रम कोरडाच दोन-चार वेळा हलवून मशीन कपड्यांचा भार अजमावते ते हा अंदाज बांधण्यासाठीच. पुढे वस्तुस्थिती वेगळी निघाली की मिनिटे वाढतात. चादरी वेगळ्या धुवाव्यात किंवा त्यांच्याबरोबर छोटे कपडे घालू नयेत, एवढ्या एका गोष्टीने अनेक घरांतला ‘बिघाड’ फुकटात दुरुस्त होतो. मला असे वाटते की, ‘१ मिनिट’ दाखवण्याऐवजी ‘तोल साधत आहे’ असे तीन शब्द पडद्यावर आले असते, तर मेकॅनिकांच्या निम्म्या फेऱ्या वाचल्या असत्या. पण तेवढी साधी गोष्ट करण्याची तसदी सगळे घेत नाहीत.

फेसाचेही तसेच आहे. बादलीत हाताने कपडे धुण्याची भरपूर फेसाची पावडर फ्रंट लोडमध्ये घातली की फेस काचेपर्यंत चढतो, कपडे एकमेकांवर आपटण्याऐवजी फेसावर तरंगत राहतात आणि मशीनला फेस बसेपर्यंत थांबून जादा पाणी घ्यावे लागते. फेस म्हणजे स्वच्छता, हा समज आपल्याकडे खोलवर रुजला असल्यामुळे ग्राहक सांगूनही पावडर कमी करत नाहीत. पाण्याच्या दाबाकडे तर कोणाचेच लक्ष नसते. गच्चीवरील टाकीतून येणाऱ्या पाण्याला दर दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो. त्यामुळे सर्वांत वरच्या मजल्यावर, जिथे टाकी नळापासून जेमतेम तीन मीटर वर असते, तिथे पाणी भरायलाच कितीतरी वेळ लागतो. त्यात नळीच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी बोअरच्या पाण्यातील क्षाराने आणि वाळूने चोंदली, तर दर खेपेला मिनिटांमागून मिनिटे जातात. ही जाळी पकडीने ओढून काढता येते आणि जुन्या टूथब्रशने घासून पाच मिनिटांत परत बसवता येते. त्यासाठी मेकॅनिकला बोलावण्याचे काही कारण नाही.

जुन्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनशी होणारी तुलना मला अन्यायाची वाटते. त्यावर धुण्याचा टायमर पंधरा मिनिटांचा आणि पिळण्याचा पाच मिनिटांचा, म्हणून ते ‘वीस मिनिटांत’ कपडे धुते असे म्हणतात. या वीस मिनिटांत नळी लावून पाणी भरणे, ओले जड कपडे एका टबातून दुसऱ्यात टाकणे, पुन्हा पाणी भरून खळबळणे, पुन्हा पिळणे, हे काहीच धरलेले नसते. आणि हे सारे करणारी व्यक्ती, जी आपल्या घरांत बहुतेक वेळा बाईच असते, त्या मशीनपाशी तासभर अडकून पडलेली असते. मशीन किती वेळ चालू आहे आणि माणूस किती वेळ उभा आहे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. तीन तासांच्या मशीनपाशी माणसाची दहा मिनिटेही जात नाहीत. मात्र सकाळी साडेआठला घर सोडणाऱ्या बाईला ती दहा मिनिटे कधी येणार हे आधी ठाऊक असावे लागते, नाहीतर धुतलेले कपडे संध्याकाळपर्यंत बंद ड्रममध्ये कोंदटतात, आणि पावसाळ्यात तर त्यांना असा वास मारतो की पुन्हा धुण्यावाचून गत्यंतर नसते. उशिरा सुरू करण्याची सोय बहुतेक मशीनमध्ये असते, पण तीही चक्र किती वेळाचे आहे हे माहीत असेल तरच कामाची.

प्रत्येक धुण्याला तीन तास द्यावेत, असे माझे म्हणणे मुळीच नाही. दिवसभर अंगावर घातलेला, फक्त घामाने ओला झालेला शर्ट तासाभराच्या किंवा त्याहून छोट्या प्रोग्रॅममध्ये चांगला निघतो. पंधरा किंवा तीस मिनिटांचा ‘क्विक’ प्रोग्रॅम मात्र दीड-दोन किलो कपड्यांसाठी असतो. त्यात सात किलो कोंबून मग कॉलर मळकी राहिल्याची तक्रार करणे बरोबर नाही. शाळेचे मोजे, स्वयंपाकघरातली फडकी, आजारी माणसाच्या चादरी यांना लांबचा आणि गरम पाण्याचाच प्रोग्रॅम हवा. नेहमीच गार किंवा कोमट पाण्यात धुणाऱ्यांनी महिन्यातून एकदा ६० अंशांच्या वर रिकामे मशीन चालवावे, नाहीतर दरवाजाच्या रबरात आणि ड्रमच्या मागे चिकट थर साचून मशीनलाच वास येऊ लागतो. हळदीच्या डागासाठी मात्र कितीही तास मशीन फिरवले तरी उपयोग नाही. साबणाच्या क्षाराने तो आधी लालसर होतो आणि लोक घाबरून पुन्हा पुन्हा धुतात. हळदीचा रंग उन्हात उडतो. कपडा धुऊन कडक उन्हात दोरीवर टाकावा आणि मशीनचा वेळ वाचवावा.

अमेरिकेत या वेळेचे राजकारणही झाले. तेथील ऊर्जा खात्याने २०२०च्या अखेरीस झटपट धुणाऱ्या मशिनांचा, म्हणजे टॉप लोडसाठी तीस मिनिटांच्या आत आणि फ्रंट लोडसाठी पंचेचाळीस मिनिटांच्या आत चक्र संपवणाऱ्यांचा, वेगळा वर्ग करून त्यांना वीज-पाण्याच्या मर्यादांतून मोकळे केले. सरकार बदलल्यावर २०२२मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला आणि पुढे वाद न्यायालयात गेला. तो वाद आपल्याकडे उसना आणण्याची गरज नाही. झटपट धुणारे मशीन बनवणे मुळीच अवघड नाही. पाणी आणि वीज सढळ हाताने ओतली की झाले. महाराष्ट्राला हे परवडणारे नाही, हे सांगायला तज्ज्ञ नको.

आपल्याला हवी ती माहिती. आपल्याकडे ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या ताऱ्यांची ओळख आता सर्वांना झाली आहे. फ्रिज आणि एसी घेताना लोक तारे मोजूनच घेतात. पण वॉशिंग मशीनवरचे तारे पाहून ते दोन तास चालेल की साडेतीन, हे कळत नाही. युरोपातील लेबलवर विजेच्या आणि पाण्याच्या आकड्यांच्या जोडीने प्रमाण प्रोग्रॅमचा वेळ तास-मिनिटांत छापावा लागतो आणि कपड्यांपर्यंत प्रत्यक्षात पोहोचणारे कमाल तापमान माहितीपत्रकात द्यावे लागते. आपल्या लेबलवर तारे ज्या प्रोग्रॅमवर मिळाले त्याचे नाव, पूर्ण भाराला आणि अर्ध्या भाराला त्याला लागणारा वेळ, आणि पाण्याचे लिटर, एवढे मराठीत किंवा निदान ग्राहकाला वाचता येईल अशा भाषेत छापणे बंधनकारक व्हावे, अशी माझी ब्युरोला आणि केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाला आपल्या दैनिकाद्वारे विनंती आहे. ग्राहक संघटनांनीही हा मुद्दा उचलून धरावा. तोपर्यंत मशीन घेणाऱ्यांनी दुकानात केवळ किलो आणि फेऱ्या न विचारता माहितीपुस्तिका उघडून घ्यावी. त्यात प्रत्येक प्रोग्रॅमपुढे भार, तापमान आणि मिनिटे दिलेला तक्ता बहुतेक वेळा असतो, आणि विक्रेत्याने तो दाखवायला टाळाटाळ केली, तर दुसरे दुकान गाठावे.

आपला,
एक नियमित वाचक,
डोंबिवली